पेटीत न मावलेली शीळ

कानाच्या डॉक्टरांकडे एक लहानशी खोली असते. भिंतींना गादीसारखं काहीतरी चिकटवलेलं, मधोमध खुर्ची, कानांवर वाटीएवढे हेडफोन आणि हातात एक बटण. "आजी, आवाज आला की बटण दाबायचं. कितीही बारीक आला तरी," काचेपलीकडची मुलगी म्हणाली. पहिला आवाज आला. मी बटण दाबायचं सोडून बोलले, "बाळ, हा सूर पेटीच्या पांढरी सातच्या केसभर वर लागलाय. मशीन एकदा दाखवून आण."

मुलगी माझ्या सुनेकडे बघून हसली. सून माझ्याकडे बघून हसली नाही.

मग मी शहाण्यासारखी बटण दाबत राहिले. आवाज चढत चढत गेले आणि एका जागी थांबले. बराच वेळ काहीच येईना. मला वाटलं, मुलगी चहाला गेली. बाहेर आल्यावर कळलं की ती कुठंही गेली नव्हती. ती वाजवतच होती.

डॉक्टरांनी कागद पुढे केला. त्यावर एक रेघ होती. अर्ध्या कागदापर्यंत सरळ चालत गेलेली आणि मग खाली उतरलेली. ते म्हणाले, "बोलणं चांगलं ऐकू येतंय. उंच, बारीक आवाज गेलेत. जे काठावर आहेत ते हळूहळू जातील. मशीन लावून घ्या, घरात बोलायला सोपं पडेल."

"आणि पक्षी?" मी विचारलं.

"कोणता पक्षी?"

"तेच तर माहीत नाही ना!"

आता सून हसली. पण मी चेष्टा करत नव्हते. पन्नास वर्षं मी पेटी वाजवली. लोक बाजाची पेटी म्हणतात, शहाणे लोक संवादिनी म्हणतात, मी नुसतं पेटी म्हणते. गायकांच्या डाव्या हाताला बसून जिल्हाभर आणि जिल्ह्याबाहेर फिरले. त्या डॉक्टरांच्या खुर्चीत मला एकाही गायकाचा गळा आठवला नाही. आठवली ती वळसंगच्या माळावर एका सकाळी ऐकलेली शीळ. चाळीस वर्षांपूर्वीची. ती घालणारा कोण, हे मला कधीच कळलं नाही, आणि आता कळायच्या आतच माझे कान दुकान बंद करायला निघाले होते.

त्या सकाळची गोष्ट सांगते. अक्कलकोटच्या बाजूला आमच्या गाण्याच्या पार्टीचा कार्यक्रम झाला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. जीप आमच्या तबलजींच्या वडिलांची. त्यांच्या घरात तीन पिढ्या गाड्यांचा धंदा. घराण्यातला हा एकटाच मुलगा स्टिअरिंग सोडून तबल्याला लागला, म्हणून वडील त्याला चिडवायला 'उस्ताद' म्हणत. आम्हीही म्हणायला लागलो आणि तेच नाव पडलं. वळसंगच्या अलीकडे चाक पंक्चर होऊन बसलं. जादा चाक काढलं, तर ते आधीच बसलेलं. उस्ताद एका बैलगाडीत चाक टाकून गावात गेला, गायक जीपमध्ये घोरू लागले आणि मी माळावर फिरायला निघाले.

आता मी तेव्हा कशी होते, हे डोळ्यांपुढे आणा. तिशी नुकतीच ओलांडलेली. जरीकाठी साडी, अंबाड्यावर आदल्या दिवशीचा सुकलेला गजरा, आणि नाक इतकं वर की माळावरचे दगड दिसू नयेत. जिल्ह्यात पेटी वाजवणारी बाई तेव्हा बहुधा मी एकटीच होते, आणि हे समोरच्याला पहिल्या पाच मिनिटांत कळेल अशी व्यवस्था मी करत असे. पर्समध्ये एक वही असायची. त्यात चिजांचे स्वर, गायकांच्या पट्ट्या आणि कोण कुठे बेसूर गेलं याच्या नोंदी. बेसुरांची पानं जास्त.

तर माळावर एक शीळ आली. वरून सुरू झाली, खाली आली, संपली. पुन्हा आली. इतकी स्वच्छ की मी जागच्या जागी उभी राहिले. पक्षी कुठं आहे ते बघायला लागले. पक्षी म्हटल्यावर झाडावर असणार! त्या अख्ख्या माळावर एकच बाभूळ होती. मी तिच्याकडे अर्धा तास टक लावून बघत उभी. फांदी न् फांदी पाहिली. शीळ येतच होती, बाभूळ रिकामीच होती. मग मी वही काढली आणि लिहिलं: 'सां नि ध प'. खाली आणखी एक वाक्य लिहिलं. ते आजही माझ्याच सुबक अक्षरात आहे, खाली दोन रेघा मारलेल्या: 'अतिशय सुरेल. पेटीवर सहज वाजेल.'

त्या दोन रेघा बघितल्या की मला त्या बाईचा कान धरावासा वाटतो.

पण तेव्हापासून नाद लागला. पार्टी कुठंही जावो, सकाळी बाकीचे अंथरुणात लोळत असताना मी वही घेऊन गावाबाहेर. ओढा, माळ, तळं, शेताचा बांध. पक्षी दिसो न दिसो, आवाज आला की स्वर लिहायचे. नाव विचारायचं मला सुचलंच नाही. उस्ताद म्हणायचा, "आक्का, लोगां पंछी देखने जाते, तुम परीक्षा लेने जाते." खरंच होतं. होला मी नापास केला होता. शेरा असा: 'घुमारा बरा, परंतु स्वर एकच.' टिटवी तर पहिल्याच फेरीत बाद.

कुर्डुवाडीला एकदा गाडी चुकली आणि चार तास काढायचे होते. मी रुळांच्या कडेनं चालत यार्डाच्या बाजूला गेले. तिकडून एक पक्षी अखंड गात होता. दोन स्वर, कोमल ग आणि रे, एका लयीत, न चुकता. मी पान भरून लिहिलं. लय इतकी पक्की की मी शेजारी 'जन्मजात ताल' असंही लिहिलं. तेवढ्यात चार गँगमन रुळावरून एक ट्रॉली ढकलत आले. पक्षी जवळ यायला लागला. आणखी जवळ. मग माझ्या समोरून गेला. त्यातला एक म्हातारा थांबून म्हणाला, "काय लिवताय बाई?"

"इथं कोणता पक्षी ओरडतोय हो?"

त्यानं कान दिला, ट्रॉलीकडे बघितलं, माझ्या वहीकडे बघितलं. "पक्षी न्हाय बाई त्यो. आमचं चाक हाय. दोन दिस झालं तेल न्हाय त्याला."

ते पान मी फाडलं नाही. पाठीमागच्या बाजूला भैरवीची एक छान चीज होती.

आणि माळशिरसच्या बाजूला भारद्वाज. उसाच्या फडातून तो 'कूप कूप' करत होता. दिसला तर दिवस चांगला जातो म्हणतात, म्हणून मला तो बघायचाच होता. त्याचा खर्ज ऐकून मी आधीच खूश होते. आमच्या पार्टीच्या गायकांचा खर्ज कधी लागला नाही. पाटाच्या कडेनं मान वर करून चालले होते. पाट कुठं वळतो ते पाटाला माहीत होतं, मला नव्हतं. कंबरेपर्यंत पाण्यात! भारद्वाज उडाला, दिसलाही, लालभडक डोळ्यानं माझ्याकडे बघत. कार्यक्रम सकाळी साडेदहाला. दुसरी साडी उस्मानाबादेकडे पुढे गेलेल्या ट्रंकेत. तशीच ओली स्टेजवर बसले. पदराचं पाणी भात्यावर ठिबकत होतं आणि पेटीतून सुरांबरोबर गुळण्या केल्यासारखा आवाज येत होता. गायक मध्येच माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "बाई, पेटी सर्दावलीय का तुम्ही?"

हेच ते गायक, ज्यांच्याशी माझं आयुष्यभर एकाच गोष्टीवरून भांडण. ते म्हणायचे, पेटीत मींड नसते. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना गळा मधल्या सगळ्या जागा स्पर्श करत जातो, सारंगी जाते, पेटीला मात्र एक पट्टी सोडून दुसरी दाबावी लागते, मधलं सगळं गायब. हे सगळं जग जाणतं. पण माझ्यापुढे म्हटलं की मी पेटायची. "ऐकणाऱ्याच्या कानात मींड मी तयार करते! बोटांत जादू लागते त्याला!" एकदा तर मी चार दिवस अबोला धरला. पाचव्या दिवशी कार्यक्रम होता म्हणून सोडला.

असं ते सगळं. बाकीच्या पक्ष्यांची नावं पुढे हळूहळू कळत गेली. एका निसर्गमंडळाची पोरं भेटायची, पुस्तकं आली, नातीनं चित्रं दाखवली. वहीतल्या स्वरांसमोर मी नावं लिहीत गेले. राहिला तो वळसंगचा एक. त्या मंडळातल्या पोरांना मी कितीदा 'सां नि ध प' गाऊन दाखवलं. ती आदबीनं ऐकायची आणि एकमेकांकडे बघायची. एक जण म्हणाला, "आजी, असा कुणी नसतो इकडे."

नसतो म्हणजे? मी ऐकलाय!

डॉक्टरांकडून आल्यावर त्या संध्याकाळी नातीला म्हटलं, "तुझ्या फोनवर ते पक्षी ओळखायचं आहे ना, ते लाव." पेटी काढली, भाता मारला आणि फोनपुढे चार स्वर वाजवले. नीट, सावकाश, शिकवणीत वाजवतात तसे. फोन विचार करत राहिला.

"काय म्हणतोय?"

"म्हणतोय, पक्षी सापडला नाही. पुन्हा प्रयत्न करा."

पुन्हा वाजवले. दुसऱ्या सप्तकात वाजवले. जलद वाजवले. नात म्हणाली, "आजी, त्याला कळलं असेल की ही पेटी आहे."

"मग कौतुक तरी करायचं की त्यानं."

दुसऱ्या दिवशी उस्तादला फोन केला. आता तो पंचाहत्तरीला आलाय. तबला मुलीला दिला आणि स्वतः पुन्हा जीप चालवतो, म्हणजे वडिलांची इच्छा उशिरा का होईना पूर्ण केली. म्हटलं, "वळसंगला जायचंय. सकाळी."

"कार्यक्रम है क्या?"

"नाही. पक्षी."

तो म्हणाला, "वो पंक्चरवाला?"

बघा. मी चाळीस वर्षं वही सांभाळली आणि त्यानं ते चाक. "हौ, वोच," मी म्हटलं. "कान जायच्या आत एकदा ऐकायचाय. नाव कळलं तर बरं, नाही कळलं तरी ऐकायचाय."

"तो आजच कायकू नहीं?"

"आज साडी इस्त्रीला आहे."

"आक्का, तुम सुधरते नहीं," तो म्हणाला.

होळीला आठ दिवस होते. सकाळी हवेत अजून गारवा होता, आणि दहानंतर तो गेला असता. माळ तसाच होता, निम्मा. उरलेल्या निम्म्यावर प्लॉटचे दगड रोवले होते. बाभूळ गेली होती. मला तिचं जरा वाईट वाटलं. अर्धा तास एकटक बघण्याएवढा माझा दुसऱ्या कुणाशी परिचय नव्हता.

पहिला तास काहीच नाही. उस्ताद म्हणायचा, "वो देखो, बोला." मला ऐकू यायचं नाही. खरंच पक्षी बोलत होते की तो मला चिडवत होता, हे त्याच्या तोंडाकडे बघून ठरवावं लागत होतं, आणि त्याच्या तोंडावर विश्वास ठेवण्याची सवय मला नाही. मधेच मला भूक लागली म्हणून डबा उघडला. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी. पहिला घास मोडला आणि कानात गिरणी सुरू झाली. उस्ताद ओरडला, "अरे, चबाओ मत! पंछी भागते!" कान जाणाऱ्या बाईनं पक्षी ऐकायला कडक भाकरी घेऊन जाऊ नये, हे मी माझ्या चुकांच्या यादीत शेवटचं लिहिते. भाकरी चटणीत बुडवून, तोंडात भिजवून, लहान मुलासारखी खाल्ली.

मग शेळ्या आल्या आणि मागून त्यांची मालकीण. पन्नाशीची असेल. डोक्याला टॉवेल, हातात बाभळीची काठी, कमरेला मोबाईल खोचलेला. शेळ्यांशी ती कानडीत बोलत होती आणि आमच्याशी मराठीत.

"काय शोधताय आज्जी? कुनाचा प्लॉट?"

"प्लॉट नाही. पक्षी."

"पक्षी इकत घेताय?"

"ऐकायचाय."

तिनं उस्तादकडे बघितलं. त्यानं आपलं डोकं बोटानं ठोकून दाखवलं, म्हणजे माझं. मी दुर्लक्ष केलं आणि विचारलं, "शेळ्यांना मराठी कळत नाही का हो?"

"कळतंय की. पर ऐकत न्हाईत," ती म्हणाली.

मला ती आवडली. मी वही काढली. नुसती वही नाही, माझ्याकडे पिशवीत नातीची छोटी शाळेतली पेटी पण होती. आणलीच होती, खोटं कशाला बोलू. मांडीवर ठेवली आणि वाजवलं. सां. नि. ध. प. दोन शेळ्या येऊन समोर उभ्या राहिल्या. एक पेटीच्या कापडाला तोंड लावायला लागली.

"असा ओरडणारा एक आहे इथं," मी सांगितलं. "चाळीस वर्षांपूर्वी ऐकलाय मी."

तिनं काठीवर हनुवटी टेकवून ऐकलं. "परत."

परत वाजवलं.

"असा कोनच न्हाय."

झालं. निसर्गमंडळ, फोन आणि आता हीसुद्धा. मी म्हटलं, "वरून खाली येतो. चार सुरात. माझे कान तेव्हा लई पक्के होते."

"वरनं खाली येतोय?" ती एकदम सरळ झाली. "त्यो व्हय! त्यो डोंबारी की! पर आज्जी, त्यो असा जिना उतरल्यावानी कुटं वरडतोय? पायरी, पायरी, पायरी... त्यो घसरतो की! एकदम!"

आणि तिनं तोंडात दोन बोटं घालून शीळ घातली.

आमच्या लहानपणी बायकांनी शीळ घातली की पाठीत धपाटा मिळे. या बाईला कुणी तो दिला नसावा, कारण शीळ इतकी बिनबोभाट आली. वर उभी राहिली आणि तिथून एका श्वासात, कुठंही न थांबता, न तुटता, सरळ खाली. सां होता, प होता, आणि त्यांच्यामध्ये नि नव्हता, ध नव्हता. म्हणजे होते, पण त्यांच्या आजूबाजूचे सगळेच होते. नाव नसलेले. माझ्या पेटीत ज्यांना पट्टीच नाही असे.

मला एकदम सगळं कळलं आणि मी मांडीवरची पेटी हळूच बंद केली.

मी चुकीचं ऐकलं नव्हतं. मी ऐकलं ते पेटीनं ऐकलं होतं. तो अख्खा उतार माझ्या कानात शिरला होता, आणि वहीत उतरवताना माझ्या बोटांनी त्याचे चार तुकडे केले, कारण बोटांना तेवढंच येत होतं. शिवाय खाली दोन रेघा मारून: 'पेटीवर सहज वाजेल.' आयुष्यभर मी ज्या एका गोष्टीवरून गायकांशी भांडले ती गोष्ट पहिल्याच दिवशी एका मूठभर पक्ष्यानं मला सांगितली होती, आणि मी त्याला गुण देऊन घरी आले होते.

उस्ताद हसून हसून जीपला टेकला. "चालीस साल, आक्का! चालीस साल लोगां को गलत पता दिया तुम!"

"गप बस."

"फोन को भी!"

"गप बस म्हटलं ना!" पण मलाही हसू आवरेना. त्या निसर्गमंडळाच्या पोरांना मी किती वेळा खडसावलं होतं, तुम्हाला कान नाहीत म्हणून. सगळ्यांना एकेक पत्र लिहायला हवं.

शेळीवाल्या बाईनं आम्हाला थोडं पुढे, ढेकळांच्या पट्ट्यात नेलं. "पाय बघून टाका. ढेकळाच्या आडोशाला अंडी असत्यात त्याची. झाडावर बसत न्हाय कदी त्यो." ती बाभूळ मला पुन्हा आठवली. बिचारीचा काहीच दोष नव्हता.

"आन् आता वर बघा," ती म्हणाली. "खाली न्हाय, झाडावर न्हाय. वर."

वर आभाळात एक ठिपका होता. चिमणीएवढा, पंख फडफडवत चढत होता, दोरीला धरून चढावं तसा. एका जागी पोचला. पंख मिटले. आणि दगड टाकावा तसा खाली पडला. मी "अगं बाई!" म्हणाले. जमिनीपासून बऱ्याच वर त्यानं पंख उघडले, स्वतःला झेलून घेतलं आणि त्याच वेगात पुन्हा वर. पुन्हा पंख मिटून खाली. पुन्हा वर. रस्त्यावर दोरीचा खेळ करणारे डोंबारी मी लहानपणी गल्लीत पाहिलेत. नाव कुणी ठेवलं ते माहीत नाही, पण त्यानं ते बघून ठेवलं होतं, माझ्यासारखं ऐकून नाही.

आता खरं सांगायचं. मला काही ऐकू आलं नाही.

तो पडत होता, आणि पडताना शीळ घालतो, असं ती बाई म्हणाली. उस्तादचे डोळे मिटलेले, मान हलत होती. म्हणजे शीळ येत होती. माझ्या बाजूला फक्त वारा आणि एका शेळीची घंटा. त्या गादीच्या खोलीत बसल्यासारखं वाटलं. काचेपलीकडे कुणीतरी वाजवतंय आणि मी बटण हातात धरून बसलेय.

पन्नास वर्षं शेजारी बसलेल्या माणसाला माझा चेहरा वाचता येतो; कुठल्या मात्रेला मी घाबरलेय ते त्याला माझ्याआधी कळायचं. त्यानं डब्याचं रिकामं झाकण मांडीवर उपडं घातलं आणि त्यावर डाव्या हाताची टाच ठेवली, तबल्याच्या डग्ग्यावर घुमारा काढताना ठेवतात तशी. म्हणाला, "आक्का, पंछी को मत देखो. मेरा हाथ देखो."

पक्ष्यानं पंख मिटले असावेत. उस्तादची टाच झाकणाच्या कडेवरून पुढे सरकायला लागली. सावकाश, न उचलता. मी हाताकडे बघत राहिले. हात अर्ध्यावर आला, पुढे आला, झाकणाच्या मध्याशी आला, आणि तिथं मला ऐकू आलं.

शेवटचं टोक. खालचं. वीतभर. वरचं सगळं गेलेलं होतं, पण जे आलं ते घसरत आलं, तुटक नाही. आणि माझ्या तेव्हाच्या कानांनी ऐकलेलं वरचं टोक अजून कुठंतरी होतं, कारण उस्तादचा हात त्या टोकावर असताना मी आधीच तिथं जाऊन थांबले होते. खालचं टोक आलं की दोन्ही जुळायची. असं पाच-सहा वेळा झालं. एकदा तर मी हाताच्या आधी "आला!" म्हणाले आणि उस्ताद म्हणाला, "झूट मत बोलो, अभी वो ऊपर जा रहा है."

शेळीवाली बाई आमच्याकडे बघत होती. एक म्हातारा डब्याचं झाकण चोळतोय, एक म्हातारी त्याच्या हाताकडे बघून खूश होतेय. तिनं कानडीत शेळ्यांना काहीतरी सांगितलं. शेळ्यांनी ऐकलं, आणि त्या सगळ्या निघून गेल्या.

जीपमध्ये बसल्यावर मी वही उघडली. 'सां नि ध प' वर काट मारली. खालच्या दोन रेघांवरही मारली. शेजारी काय लिहायचं ते सुचेना, म्हणून पेन्सिलनं एक रेघ काढली, वरून खाली येणारी. खाली लिहिलं: डोंबारी. उस्तादनं गाडी सुरू करता करता वाकून बघितलं.

"थोडा और ढलान. ऐसा सीधा नहीं गिरता वो."

"गाडी चालव."

"मेरे को सुनाई देता है, तुमना नहीं."

म्हणून रेघ वरच्या टोकाला जरा आडवी करून वाकवली. घरी आल्यावर नातीनं वही चाळली आणि त्या पानावर थांबली. "आजी, हा तुझ्या कानाचा रिपोर्ट इथं का काढलायस?"

मी चष्मा लावून बघितलं. खरंच की. तशीच रेघ, आधी वरच सरळ, मग घसरत खाली. डॉक्टरांचा कागद नातीनं बघितल्यावर मी कपाटात लपवला होता, आणि आता तोच वहीत.

"रिपोर्ट नाही गं," मी म्हटलं. "पक्षी आहे. तुझ्या फोनला विचार, सापडतो का."